भातचोराच्या घरी चोरी

१

शनिवारी भर दुपारी इंचॉनच्या खेकडा गल्लीत बोंब उठली, तेव्हा गुकसाहेब इमबुन आजींच्या खानावळीबाहेर तेवीस नंबरचा कागद हातात धरून उभे होते. आत बाविसावा नंबर पुकारून झाला होता. म्हणजे आणखी दोन मिनिटांत त्यांना बसायला मिळालं असतं. पण तसं सुखासुखी झालं तर ते गुकसाहेब कसले?

बोंब अशी होती, की गच्चीवरच्या रांजणातला बीजसोया चोरीला गेला. बीजसोया म्हणजे सोयाबीनचा खारा, काळा रस, एका परीने विरजणच. लढाईच्या वर्षी आजींच्या सासूबाईंनी तो उत्तरेकडून डोक्यावरून आणला होता, आणि तेव्हापासून दर वर्षी त्यात नवा सोया घालून घरच्यांनी तो जिवंत ठेवला होता. इथले खेकडे त्याच सोयात मुरत. ते पानात आले की वाटीतला भात कधी गडप झाला हे खाणाऱ्याला कळत नाही, म्हणून अख्खा कोरिया त्या खेकड्याला भातचोर म्हणतो. आता भातचोराच्याच घरी चोरी झाली होती.

गुकसाहेबांनी तीस वर्षं नगरपालिकेच्या अन्नतपासणी खात्यात काढली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुठल्याही हॉटेलात पाऊल टाकलं की मालक उठून उभा राहतो आणि स्वयंपाकघरात पळापळ होते. त्यामुळे बिचाऱ्यांना कुठे धड गरम जेवण मिळत नाही. त्यात डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. आज लग्नाचा बेचाळिसावा वाढदिवस म्हणून एक दिवसाची सूट मिळाली होती, आणि त्यासाठी दोघं सोलहून दीड तास प्रवास करून आली होती.

"आत बघूसुद्धा नका," बोकहीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला पुरतं ओळखून होत्या. "आपण गिऱ्हाईक आहोत. गिऱ्हाइकासारखं उभं राहायचं."

गुकसाहेबांनी मान हलवली आणि आत बघितलं. तेवढ्यात जिन्यावरून एक निळी बॅग गडगडत खाली आली आणि तिच्यामागून सून मीरान आली. वर कठड्याला धरून इमबुन आजी उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत.

"चोराच्या उलट्या बोंबा," आजी म्हणाल्या. "आधी सोया माहेरी पोचवायचा आणि मग आपणच ओरडायचं, सोया गेला म्हणून. सहाच्या गाडीने मोकपोला जा. परत येऊ नकोस."

मीरान रडली नाही. तिने बॅग सरळ उभी केली आणि नवऱ्याकडे, सांगुकडे, बघितलं. सांगुने मोबाइलमध्ये तोंड घातलं. अशा नवऱ्यांचं काय करावं हे गुकसाहेबांना तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. नेमकी त्याच वेळी आजींची नजर दारात गेली.

"गुकसाहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात ते बरं झालं. तुम्हीच तिच्या तोंडावर सांगा, चोर कोण ते."

बोकहीबाईंनी डोळे मिटून घेतले.

२

गच्चीवर चौदा रांजण होते, सगळे उन्हात, झाकणं उघडी. प्रत्येकाच्या पोटावर कागदाचा मोजा कापून उलटा डकवलेला, बोटं आभाळाकडे. वाईट काही आलंच तर ते मोज्यात शिरावं आणि वाट चुकावं, हा त्यामागचा हेतू. गुकसाहेबांनी अशा गच्च्या शेकड्यांनी पाहिल्या होत्या. मीरानने त्यांना दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या मध्यम आकाराच्या रांजणापाशी नेलं.

तिने झालेलं सांगितलं ते असं. खेकडे रोज रात्री मुरत घालतात आणि डब्यावर वार लिहितात. चौथ्या दिवशी डबा फोडतात. काल शुक्रवारी सोमवारचा डबा फोडला, तो नेहमीसारखा होता. आज सकाळी मंगळवारचा फोडला. पहिला घास रिवाजाप्रमाणे सासूबाईंनी घेतला आणि छान म्हणाल्या. दुसरा मीरानने घेतला आणि ती थुंकायचीच बाकी राहिली. तो कारखान्यातला सोया होता. धावत वर येऊन तिने रांजणात पळी घातली. जुन्या सोयाच्या तळाशी मिठाचे खडे साचतात, पळी लागली की करकरतात. आज काहीच करकरलं नाही.

"मग तुम्ही गप्प का नाही बसलात?" गुकसाहेबांनी विचारलं. "त्यांना तर कळलं नव्हतं."

"गप्प बसायचं?" मीरान म्हणाली. "अहो, सोया गेला होता."

गुकसाहेबांनी हे उत्तर मनात ठेवलं. मग गुडघ्यावर बसून त्यांनी रांजण बघितला. तेरा रांजणांवरचे मोजे पिवळे पडून कडांना सुटलेले होते. या एकावरचा मोजा पांढराशुभ्र, नवाकोरा होता, आणि खळ लावून चारी बाजूंनी नीट दाबलेला होता.

"हा तुम्ही लावलात?"

मीरानने नाक मुरडलं. ती चर्चमधली सेविका. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने हे मोजे अंधश्रद्धा म्हणून फाडले होते, आणि सासूबाईंनी तीन दिवस जेवण सोडलं होतं. त्यानंतर ती त्या कागदांना हात लावत नव्हती.

खाली आल्यावर गुकसाहेबांनी दोन्ही दिवसांचे खेकडे मागवले. सोमवारच्या डब्यातला शेवटचा अर्धा खेकडा उरला होता. एक घास याचा, एक घास त्याचा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला संताप. मीरान खरं बोलत होती. तिसऱ्या घासाला हात पुढे केला, तर बोकहीबाईंनी ताटली उचलून नेली.

"तपासापुरतं खाल्लंत ना? झालं मग," त्या म्हणाल्या. घड्याळात एक वाजला होता.

३

गल्लीतल्या प्रत्येकाने समोरच्या मा शेठचं नाव घेतलं. मा शेठच्या पाटीवर 'मूळ खेकडा घर' असं लिहिलेलं, म्हणून इमबुन आजींनी आपल्या पाटीवर 'खरं मूळ' लिहिलं, म्हणून त्याने 'सर्वांत आधीचं मूळ' लिहिलं, आणि असं चौदा वर्षं चाललेलं. बोकहीबाईंनाही तोच चोर वाटत होता, कारण त्याने केस काळे केले होते.

तेव्हा नवराबायको रस्ता ओलांडून मा शेठकडे जेवायला बसली. निदान बसायला तरी मिळालं. पण गुकसाहेबांना बघताच मा शेठने स्वतः फडकं घेऊन टेबल तीनदा पुसलं आणि बर्फाच्या पेटीचं तापमान न विचारता सांगितलं. खेकडे आले. गोडमिट्ट. साखरपाणी घातलेला सोया. जुन्या सोयाचा थेंबही त्याला लागलेला नव्हता.

"चोरायचा असता तर तीस वर्षांपूर्वीच चोरला असता," मा शेठ वैतागून म्हणाला. "पण त्या गच्चीचं दार रात्री बंद असतं आणि किल्ली म्हातारीच्या उशाखाली. दिवसा मी तिच्या जिन्यावर पाय ठेवला तर अख्खी गल्ली गोळा होईल. आणि साहेब, माझ्या गिऱ्हाइकांना गोडच आवडतं हो."

हे पटण्यासारखं होतं. राहिला मुलगा. सांगुने तीन वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या नव्या वसाहतीत शाखा काढली होती. काचेच्या भिंती, टेबलावर बटणं, पदार्थ यंत्रमानव आणून देतो. तिथला सोया कमी पडतो, ही त्याची जुनी रड. मोटारीने वीस मिनिटांचा रस्ता. गुकसाहेबांनी त्यालाच गाडी चालवायला लावलं आणि वाटेत विचारत राहिले.

सांगु उलट आईवरच वैतागलेला होता. तिच्या तिथ्या, तिचे मोजे, तिची भुतं. शाखेचं सामान हलवलं त्या दिवशी हलवाहलवीची तिथी नव्हती, पण ट्रक मिळाला म्हणून त्याने हलवलं, तर आई महिनाभर बोलली नाही. काही विचारावं तर हा प्रत्येक वेळी भलतंच रडगाणं लावी.

"आणि हे सोयावाले वेगळेच," तो म्हणाला. "मंगळवारी शाखेचे चार डबे आईकडे उतरवले म्हणतात, तिथल्या स्वयंपाकघरात एकही सापडत नाही. मी रोज कुणाकुणाच्या मागे धावू?"

गुकसाहेब एवढा वेळ खिडकीबाहेर बघत होते, ते वळले. मंगळवारी आणखी काय झालं, असं त्यांनी विचारलं. काहीच नाही, सांगु म्हणाला. नेहमीसारखी गर्दी. उलट सोमवारी सुट्टी होती, सगळं घर गंगह्वा बेटावर गरम पाण्याच्या कुंडाला गेलं होतं, रात्री आठला परत आलं. घर दिवसभर रिकामं. दाराच्या कुलपाचा आकडा घरच्यांना ठाऊक, आणि कामाच्या मालजा मावशींना.

शाखेत यंत्रमानवाने आणलेला खेकडा गुकसाहेबांनी चाखला. तोही कारखान्यातला सोया. हे तिसरं जेवण, आणि तिसऱ्यांदा ते घासा-दोन घासांतच संपलं. बोकहीबाईंनी त्यांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि शांतपणे जेवून घेतलं, कारण एकाने तरी जेवायला हवं होतं. चार वाजत आले होते.

परतताना गुकसाहेबांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सोमवारी रात्री मुरवलेले खेकडे चांगले, म्हणजे सोमवारी दिवसभर रिकाम्या घरात कुणी चोरी केली नाही. रात्री गच्ची बंद. मग चोरी झाली मंगळवारी, भर कामाच्या दिवशी, माणसांच्या गर्दीत. कुठला चोर मोकळं घर सोडून देतो आणि दुसऱ्या दिवशी गर्दीत हात घालतो?

४

मालजा मावशी मागच्या स्वयंपाकघरात कोबीला मीठ लावत बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्या या घरात कामाला. गिऱ्हाइकं त्यांना मावशी म्हणत, मालकीणही मावशीच म्हणे, आणि आडनाव बहुधा कुणाला आठवत नव्हतं. घरी त्यांच्या कुणी नव्हतं. बुचॉनला एका जुन्या इमारतीच्या सर्वांत वरच्या खोलीत त्या एकट्या राहत.

गुकसाहेबांना बघून त्या उठल्या नाहीत. आज त्यांना बघून न उठणारं हे पहिलं माणूस. त्यांना बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. शेजारी दोन चाकांची ढकलगाडी उभी होती, आणि भिंतीवर मोठाल्या आकड्यांचं कॅलेंडर. त्यात काही तारखांना लाल पेन्सिलीने गोल केले होते.

"रिकामे डबे कोण नेतं, मावशी?"

"मीच नेते. किमचीला लागतात. सगळ्यांना ठाऊक आहे."

गुकसाहेबांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. सोमवार, चांद्र महिन्याची अठरा. मंगळवार, एकोणीस, लाल गोल. नवव्या-दहाव्या, एकोणीस-विसाव्या आणि एकोणतीस-तिसाव्या तिथीला भुतं आभाळात जातात. एरवी ती चार दिशांना हिंडत असतात. म्हणून घर हलवायचं ते याच दिवशी, आणि सोया हलवायचा तोही याच दिवशी. हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"सोमवारी घर रिकामं होतं," गुकसाहेब म्हणाले. "पण तिथी नव्हती."

मालजा मावशींचा मिठाचा हात थांबला. मग परत चालू झाला.

"रविवारी टीव्हीवर मालकीणबाईंचा कार्यक्रम होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाहिलात का?"

गुकसाहेबांनी पाहिला नव्हता. बोकहीबाईंनी पाहिला होता. त्या दारातून म्हणाल्या, "या रांजणाला चाळीस वर्षांत माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नाही, रोज सकाळी मीच झाकण उघडते, असं सांगत होत्या." सांगून झाल्यावर त्यांचं त्यांनाच उमगलं: गुडघे गेलेली बाई रोज गच्चीवर चढणार कशी?

"सहाच्या गाडीने त्या मुलीला पाठवताहेत," गुकसाहेब म्हणाले.

"ते मला नको होतं," मालजा मावशी म्हणाल्या. "मला वाटलं, या घरात कुणाला कळणारच नाही."

५

साडेपाचला गुकसाहेबांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. चोराचं नाव तिथेच सांगेन, आणि आजी वर आल्याशिवाय सांगणार नाही, म्हणाले. आजींनी आधी गुडघे दाखवले, मग शिव्या दिल्या. शेवटी सांगुने त्यांना पाठुंगळी घेतलं आणि धापा टाकत तीन जिने चढला. मीरान बॅग घेऊनच आली. गाडीला अर्धा तास होता.

गुकसाहेबांनी फार लांबण लावली नाही. चोराने तळाचे मिठाचे खडेसुद्धा खरवडून नेले, म्हणजे त्याची किंमत त्याला ठाऊक होती. कारखान्याच्या सोयाचे चार डबे वर आले आणि तेच चार डबे जुना सोया भरून खाली आले आणि ढकलगाडीतून बाहेर गेले. रोजचेच डबे, कोण बघतंय? मोकळा सोमवार सोडून चोर तिथीसाठी मंगळवारपर्यंत थांबला. म्हणजे तो तिथी न मानणारा सांगु नव्हे. आणि जाताना चोराने रांजणावर नवा मोजा डकवला. आत बाजारी सोया असला तरी रांजण राखणीविना टाकणं त्याच्या जिवावर आलं. मीरान त्या कागदाला हात लावत नाही. शिवाय चोरी लपली असती तर ती फक्त तिच्या गप्प बसण्याने, आणि पहिली ओरडली तीच.

"मग कोण उरलं?" आजींनी विचारलं. "तिथी मानणारी मी एकटीच आहे इथे."

"तुमचा रांजण कुठला, आजी?" गुकसाहेब म्हणाले. "तेवढा दाखवा."

आजींनी चौदा रांजणांवरून नजर फिरवली. मग ऐटीत हात लांब करून त्यांनी मधल्या, सर्वांत मोठ्या रांजणाकडे बोट दाखवलं. त्यात गेल्या वर्षीची मिरचीची पेस्ट होती. सांगुने मान खाली घातली. मीरान बॅग सोडून चालत कोपऱ्यात गेली आणि मध्यम रांजणाच्या काठावर तिने हात ठेवला.

आजींनी मधल्या रांजणाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे.

"हा इथून कधी हलला?"

"सात वर्षं झाली," मालजा मावशी म्हणाल्या. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, हात मिठाचेच. "त्या कोपऱ्यात ऊन जास्त पडतं म्हणून मी हलवला. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"तू नेलास?"

"मी नेला. सकाळी झाकण उघडायला मी, सांजेला लावायला मी, पावसात धावायला मी. एकतीस वर्षं. टीव्हीवर तुम्ही माझं नाव घेतलं असतं तर पुरलं असतं. नाव नको, निदान मावशी तरी म्हणायचं."

"माझा सोया परत आण," आजी म्हणाल्या.

"कुणाचा?"

हा प्रश्न मालजा मावशींनी अगदी साध्या आवाजात विचारला, भाजी काय करू विचारावं तसा. आजींनी जवळच्या रांजणाचा काठ धरला. सांगुला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून त्याने एक उलटी बादली पुढे केली आणि आजी तिच्यावर बसल्या.

"सकाळी मी तो खेकडा खाल्ला," त्या बसल्या बसल्या म्हणाल्या, "आणि छान म्हणाले. मला काही कळलं नाही. गेलं वर्षभर मला चव लागत नाही. गोड नाही, खारट नाही. मी नुसतं छान म्हणते. ही पोरगी बोंबलत वर धावली तेव्हा मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार." त्यांनी मीरानकडे बघितलं नाही. "म्हणून मी हिची बॅग फेकली."

गुकसाहेबांच्या हे ध्यानात यायला हवं होतं. म्हातारी पहिला घास घेते आणि फसते, हे त्यांनी दुपारीच ऐकलं होतं. त्यांनी ते सुनेच्या बाजूचा पुरावा म्हणून जपून ठेवलं आणि म्हातारीचं दुखणं म्हणून एकदाही बघितलं नाही. त्यांना स्वतःचाच राग आला.

"मी आणून देते," मालजा मावशी म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "पुढच्या शुक्रवारी. एकोणतीस आहे."

"तोवर विकायचं काय?" सांगुने विचारलं.

"दुकान बंद," आजी म्हणाल्या. "आणि मालजा, सगळा आणू नकोस. अर्धा तुझ्याकडे राहू दे, तो तुझा. इकडे आणशील तो हिच्या हातात दे. माझ्या हातात नको."

खाली गल्लीत कुणीतरी दुकानाचं दार ठोठावत होतं, आणि मा शेठ त्या माणसाला आपल्याकडे बोलावत होता. सहाची गाडी एव्हाना स्टेशनात लागली असेल. सांगु आईसमोर पाठ वाकवून उभा राहिला, खाली न्यायला. आजींनी त्याला बाजूला सारलं आणि दोन्ही हात मीरानच्या दिशेने पुढे केले. मीरान वळली, खाली बसली, आणि तिने सासूला पाठीवर घेतलं.